लेहुआच्या रानातला हुला

हुला पहिल्यांदा कुठे नाचला गेला, याच्या हवाई बेटांवर एकाहून अधिक कथा आहेत. मोलोकाईचे लोक काआना टेकडीचं नाव घेतात. तिथे लाका देवीने हा नाच सुरू केला, असं ते मानतात. मला हवाईच्या थोरल्या बेटावरच्या पुना भागातली कथा अधिक जवळची वाटते. तिथे लेहुआच्या रानात होपोए राहायची. तिने हिइआकाला नाच शिकवला आणि हिइआकाने तो थोरल्या बहिणीपुढे, ज्वालामुखीची देवी पेले हिच्यापुढे, करून दाखवला. पुढे पेलेच्या प्रियकराला आणायला काउआई बेटावर निघताना हिइआकाने पेलेकडे मागणं घातलं, की माझं रान आणि माझी मैत्रीण सांभाळ. तिला परतायला उशीर झाला. संशयाने पेटलेल्या पेलेने लाव्हा सोडून रान जाळलं. होपोएचा दगड झाला.

ओहिआ हे झाड, लेहुआ हे त्याचं फूल. लालभडक केसरांचा झुबकाच. थिजलेल्या लाव्ह्यावर सर्वांत आधी रुजणाऱ्या झाडांत ओहिआ असतं. म्हणजे पेले जे रान जाळते, ते तिच्याच अंगावर पुन्हा उभं राहतं. कथा रचणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणूनच जुन्या हुलाचं शिक्षण रानापासून सुरू होई. शिष्य आधी मंत्र म्हणून वनाची परवानगी मागत, मग मायलेची वेल, नेचे आणि लेहुआ आणून नृत्यशाळेतली वेदी सजवत. वेदीवर पिवळ्या वल्कलात गुंडाळलेला लामाच्या लाकडाचा ठोकळा असे, तीच लाका. वाद्यंही तिथल्याच मातीतली: भोपळ्याचं इपू, शार्कच्या कातड्याने मढवलेला पाहू हा ढोल, हातात वाजवायचे गुळगुळीत खडे. गाण्यांत तर ठिकठिकाणच्या पावसाला आणि वाऱ्याला वेगळं नाव. कुठला पाऊस हे ठाऊक नसेल, तर हात कसा हलवायचा?

1820 मध्ये ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांच्या प्रभावाखाली 1830 मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली. राजा कालाकाउआने 1883 मध्ये आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात तो पुन्हा उघडपणे नाचवला. त्याच्याच स्मरणार्थ हिलो शहरात 1964 पासून मेरी मोनार्क महोत्सव भरतो.

2010 च्या सुमारास ओहिआची झाडं झपाट्याने वाळू लागली, आणि ते आधी लक्षात आलं पुनामध्येच. कारण बुरशीच्या दोन जाती; झाडाला जखम झाली की त्या आत शिरतात. हे कळल्यापासून अनेक हुलागुरूंनी लेहुआ तोडणं थांबवलं आहे. त्यांचे शिष्य आता रानात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर बुटांची माती घासून काढतात, त्यांच्या तळांवर अल्कोहोल फवारतात.