रियाध एक्स्पो 2030: माहिती कुठून घ्यावी, तिकीट कसे मिळते?

सौदी अरबची राजधानी रियाध इथे 1 ऑक्टोबर 2030 ते 31 मार्च 2031 असे सहा महिने जागतिक प्रदर्शन, म्हणजे वर्ल्ड एक्स्पो, भरणार आहे. अमरावती-अकोल्यातून उमराहला जाणारी घरे बरीच, आणि गल्फमध्ये कामाला असलेला भाचा-पुतण्या अनेक घरांत सापडतो. त्यामुळे "उमराह आणि एक्स्पो एकाच फेरीत" हा विचार निघणारच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे लिहीपर्यंत रियाधच्या तिकिटांची विक्री सुरू झालेली नाही. तेव्हा कुणी आजच "एक्स्पोचे तिकीट पक्के करतो, ॲडव्हान्स द्या" म्हणत असेल तर पैसे देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

हे प्रदर्शन कुणालाही वाटेल तिथे भरवता येत नाही. 1928 च्या आंतरराष्ट्रीय करारातून पॅरिसला एक संस्था उभी राहिली, ती यजमान ठरवते. 28 नोव्हेंबर 2023 रोजी तिथे मतदान झाले. रियाधला 119, दक्षिण कोरियाच्या बुसानला 29 आणि रोमला 17 मते पडली. भारतात असा एक्स्पो अजून झालेला नाही. मात्र आपल्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी भारत कृषक समाजातर्फे डिसेंबर 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले होते, आणि त्यासाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. ते या पॅरिसच्या यादीतले नव्हे, पण पापळ गावच्या माणसाने केलेले काम म्हणून आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

तिकीट कसे असेल, याचा अंदाज मागच्या दोन प्रदर्शनांवरून येतो. दुबईत (ऑक्टोबर 2021 ते मार्च 2022) एका दिवसाचे तिकीट 95 दिरहम, म्हणजे तेव्हाचे साधारण दोन हजार रुपये होते. महिनाभर कितीही वेळा जाण्याचा पास 195 दिरहमला मिळे. 18 वर्षांखालील मुले आणि साठी ओलांडलेले बुजुर्ग यांना प्रवेश मोफत होता. म्हणजे आई-वडील, दोन मुले आणि दादा-दादी गेले तरी पैसे दोघांचेच! जपानच्या ओसाकात 2025 साली मोठ्यांना एका दिवसाचे 7,500 येन, 12 ते 17 वयाच्या मुलांना 4,200 आणि 4 ते 11 च्या लेकरांना 1,800 येन पडत. रियाधमध्ये सवलत कुणाला, हे दर जाहीर झाल्यावरच कळेल. तोवर मोफत धरून चालू नका.

ओसाकाचा धडा जास्त कामाचा आहे. तिथे नुसते तिकीट पुरत नव्हते. आधी ऑनलाइन खाते उघडायचे, मग येण्याची तारीख आणि वेळ राखून ठेवायची. गर्दीच्या दालनांसाठी तर सोडत निघायची. शेवटच्या दिवसांत तिकीट हातात असूनही तारीख न मिळालेले लोक होते. आत रोख पैसे चालत नव्हते, कार्ड किंवा मोबाइलनेच पैसे द्यावे लागत. म्हणून तिकीट एजंटाकडून घेतले तरी खाते आपल्याच नावाने, आपल्याच मोबाइल नंबरवर उघडा. माहिती एक्स्पोच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवरच बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका.

एक्स्पोचे तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. दोन्ही वेगळे काढावे लागतात. पासपोर्टचे काम आपल्याकडे नागपूर कार्यालयाच्या अखत्यारीत येते. प्रवासाच्या दिवशी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तेव्हा आज काढलेला 2030 मध्ये चालेल की नाही, तारीख बघून घ्या.

आणि नकाशा पाहा. रियाध ते मक्का रस्त्याने साडेआठशे किलोमीटरहून जास्त आहे. हरमैन रेल्वे मक्का, जेद्दा आणि मदिना जोडते, रियाधला जात नाही. म्हणजे एक्स्पोसाठी वेगळे विमान किंवा बस, आणि दोन-तीन रात्रींचा मुक्काम आला. पॅकेज विचारताना हा खर्च कुणाकडे, हे लिहून घ्या.

2030 साली रमजान दोनदा येतो. दुसरा साधारण 26 डिसेंबरच्या आसपास, चाँद दिसेल त्याप्रमाणे, म्हणजे ऐन एक्स्पोत. त्या काळात उमराहची गर्दी आणि भाडे दोन्ही चढलेले असतात. शाळेची मुले सोबत असतील तर ऑक्टोबरअखेरची दिवाळीची सुट्टी आम्हाला जास्त सोयीची वाटते.