मुलकोवालची बाटली

मी तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. १८९७ची प्लेगची साथ म्हटली की रँड आणि चापेकर बंधू, एवढेच फळ्यावर लिहीत असे. त्याच साथीत मुंबईत लस बनवणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन माझ्या टिपणांत कधी आलेच नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप सोसला. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी केली. कैद्याची 'स्वेच्छा' कितपत खरी, असे आजचा डॉक्टर विचारील, आणि ते योग्यच आहे.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली. एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. म्हणजे दोष लशीचा नव्हे, त्या बाटलीचा. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. तरी चौकशीत ठपका आला प्रयोगशाळेवर. हाफकिन निलंबित झाले. जुलै १९०७मध्ये मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर डॉक्टरांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्या वर्षअखेरीस ते निर्दोष ठरले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले.

हे वाचताना मला एक नर्सबाई आठवल्या. १९७४ साल, मी नवा मास्तर. शाळेत बीसीजीची लस टोचून झाल्यावर काही आठवड्यांनी एका मुलाच्या दंडावर फोड येऊन पू झाला. वडील तावातावाने आले. बाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मीही त्यांना सर्वांदेखत वाटेल ते बोललो. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, ही लस अशीच उठते." मी ऐकून घेतले नाही. त्या खरे बोलत होत्या, हे फार उशिरा कळले. तोवर त्यांची बदली झाली होती.

हाफकिन यांच्यासाठी पत्र लिहिणारे डॉक्टर होते. त्या बाईंच्या बाजूने बोलायला मी होतो, आणि मीच ओरडत होतो.

असो. माफी मागायची राहून गेली, म्हणून हे लिहिले.