सहा फ्लोरिन अणू आणि एक खटला

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास उद्युक्त करते. त्याचे आयुष्य मात्र दोनएक मिनिटांचेच, कारण डीपीपी-४ हे विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते. या विकराला आवरले, तर शरीराचेच संप्रेरक मधुमेहावर कामी येईल, असा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला.

अमेरिकेतील मर्क कंपनीत नॅन्सी थॉर्नबेरी आणि त्यांचे सहकारी या शोधात होते. हाती असलेली संयुगे अल्फा-अमिनो आम्लांवर बेतलेली होती. ती डीपीपी-८ आणि डीपीपी-९ या भावंड विकरांनाही रोखत, आणि प्राण्यांवरील चाचण्यांत विषारी परिणाम दिसले. संशोधक मग बीटा-अमिनो आम्लाकडे वळले. त्यात अमिनो गट एक कार्बन पलीकडे सरकलेला असतो, एवढाच काय तो फरक. पण नेम साधला तो त्यानेच. त्यानंतर फ्लोरिन आले. सजीवसृष्टीने जवळजवळ अव्हेरलेले हे मूलद्रव्य औषधरसायनज्ञांचे मात्र लाडके. फिनाइल वलयावरील तीन फ्लोरिन अणूंमुळे रेणू विकराच्या खोबणीत घट्ट बसला. दुसऱ्या टोकाच्या ट्रायफ्लोरोमिथाइल गटाने, म्हणजे आणखी तीन अणूंनी, तोंडावाटे घेतलेले औषध रक्तात पोहोचणे सुकर केले. हेच सिटाग्लिप्टिन. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते २००८ मध्ये आले.

२०१३ मध्ये ग्लेनमार्कने सिटाग्लिप्टिन फॉस्फेट कमी किमतीत बाजारात आणले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मर्कने फॉस्फेट क्षारासाठी भारतात केलेला स्वतंत्र पेटंट अर्ज सोडून दिला होता. तेव्हा हा क्षार पेटंटबाहेरचा, असा ग्लेनमार्कचा बचाव होता. युक्तिवाद चतुर खरा, पण रसायनशास्त्राच्या कसोटीवर लंगडा: विकराला रोखतो तो सिटाग्लिप्टिनचा रेणू, फॉस्फेट केवळ त्याचा वाहक. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने मर्कच्या बाजूने निकाल दिला.

निकाल शास्त्राला धरून होता. त्याची किंमत मात्र खिशातून औषध घेणाऱ्या रुग्णाने मोजली. आणि भारतात असे मधुमेही किती, याचा अदमास आयसीएमआरच्या २०२३ मधील पाहणीवरून येतो. तिच्या अंदाजाने देशातील मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत.

जुलै २०२२ मध्ये पेटंटची मुदत संपली. अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या लगोलग बाजारात उतरल्या आणि सप्टेंबरपासून जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या.