थेऊर आणि राक्षसभुवन : ऐतिहासिक कादंबरीच्या आकर्षणाविषयी

भूतकाळात आश्रय शोधणारी, अलंकृत भाषेत रमणारी, गौरवाची भूक भागवणारी, असे ऐतिहासिक कादंबरीवरील आक्षेप परिचित आहेत. ते निराधार नाहीत. प्रस्तुत लेखकही दीर्घकाळ याच मताचा होता. मात्र परळी वैजनाथ येथे रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली : हे आक्षेप मान्य करूनही कादंबरीचे आकर्षण उरतेच. ते नेमके कशाचे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

परळीतल्या वाचकाला 'स्वामी'चा काळ परका नाही. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकर माधवराव पेशव्यांच्या समकालीन होत्या. याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. आज शनीच्या दर्शनाला राक्षसभुवनी जाणाऱ्या भाविकाला या लढाईचे स्मरण होतेच असे नाही. 'स्वामी'च्या वाचकाच्या मनातही रणांगणापेक्षा थेऊर अधिक ठसते : तेथले रुग्ण माधवराव, त्यांचे १७७२ मधील निधन आणि रमाबाईंचे सहगमन.

इतिहास मृत्यूची तारीख देतो. कादंबरी त्या मृत्यूपर्यंतचे सहजीवन देते. तहनाम्यात जो 'पेशवा' असतो तो येथे पती, पुतण्या आणि पुत्र होतो. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ'तही (१९७२) बाजीरावांच्या स्वाऱ्यांपेक्षा मस्तानीवरील प्रेमाची आणि त्या प्रेमाला घरात न मिळालेल्या जागेची व्यथा वाचकाला धरून ठेवते. शेवट आधीच ठाऊक असल्याने पुढे काय होणार याची उत्कंठा उरत नाही. अटळ ते कसे सोसले गेले याविषयीची आस्था मात्र वाढते. प्रणय हे अशा कादंबरीचे केवळ आभूषण नसते. सत्तेचा इतिहास ज्या वाटेने सामान्य वाचकाच्या घरापर्यंत पोचतो, ती ही वाट आहे.

परंतु हा या प्रकाराचा एकमेव घाट नव्हे. रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड'मध्ये (१८७१) शिवकाल पार्श्वभूमीला असून किल्ला आणि प्रमुख पात्रे कल्पित आहेत. हरि नारायण आपटे यांच्या 'उषःकाल'मध्ये विजापूरच्या चाकरीत निष्ठेने राहिलेला पिता आणि स्वराज्याकडे ओढला गेलेला पुत्र यांच्यामध्ये घर दुभंगते. स्कॉटने 'वेव्हर्ली'त (१८१४) रूढ केलेली ही पद्धत : दोन निष्ठांच्या मध्ये सापडलेला मधल्या उंचीचा माणूस नायक, आणि थोर पुरुष मागे. 'स्वामी' आणि 'राऊ' यांत थोर पुरुषच मध्यभागी आला. त्यामुळे जवळीक वाढली, पण निष्ठांचा पेच असलेला तो सामान्य नायक हरवला.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. राक्षसभुवनचा विजय पेशव्यांचा. हा मुलूख मात्र अखेर निजामाच्याच राज्यात राहिला, तो सप्टेंबर १९४८ पर्यंत. राज्यकारभाराची आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू होती, तर घरातली मराठी. ज्याच्या आजोबांनी निजामाची प्रजा म्हणून आयुष्य काढले, तो नातू पुण्याच्या दरबारातल्या दुःखाने व्याकूळ होतो. हे व्याकूळ होणे खोटे नाही. परंतु त्या कथेत त्याची स्वतःची भूमी केवळ रणांगण म्हणून येते; तिथल्या माणसांना घर नसते, प्रेम नसते, द्विधा मन नसते.

म्हणून ऐतिहासिक कादंबरीचे आकर्षण नाकारण्यापेक्षा त्याची मागणी ओळखणे अधिक उचित ठरेल. आपल्या भूतकाळालाही अंतःपुर, ओसरी आणि विरह असावा, ही ती मागणी आहे. थेऊरने ती पेशव्यांपुरती पुरवली. राक्षसभुवनच्या काठी त्या ऑगस्टमध्ये कोणाची तरी वाट पाहत बसलेल्या घरापर्यंत कल्पनेने जायचे, तर 'उषःकाल'ने दाखवलेला रस्ता पुन्हा धरावा लागेल.