मोजमापाबाहेरचे प्रदूषण : नवी मुंबईतील सांडपाणी प्रक्रिया आणि फ्लोरिनयुक्त चिरस्थायी रसायने

प्रस्तावना

औद्योगिक प्रदूषणाचा इतिहास बहुधा कायदे व प्रकल्प यांच्या अंगाने लिहिला जातो. तथापि कोणत्या काळात कोणते घटक मोजले गेले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जे मोजले जात नाही, त्याच्या निर्मूलनाची जबाबदारी कोणावरच येत नाही. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विचार केला आहे.

ठाणे-बेलापूर पट्टा

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने वाढले. सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे येथे कारखाने आधी आले, नियोजित शहर नंतर. १९७० मध्येच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळही अस्तित्वात आले. पुढे उभारलेल्या सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा मुख्य आधार जिवाणूंकडून होणारे सेंद्रिय द्रव्यांचे विघटन हा होता. आम्लता, तरंगते घन पदार्थ, प्राणवायूची मागणी हे त्यांचे प्रमुख निकष. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातील कुत्री रंगद्रव्यामुळे निळी झाली, तेव्हा संबंधित कारखान्यावर तातडीने कारवाई झाली. ते प्रदूषण डोळ्यांना दिसत होते.

न दिसणारे प्रदूषण

१९३८ मध्ये अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला. त्यानंतर विकसित झालेल्या ‘पीएफएएस’ वर्गातील रसायनांना पाण्यात रंग नसतो आणि त्यांतील कार्बन-फ्लोरिन बंध जिवाणूंना सहजी तुटत नाही. इटलीतील विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्यामुळे भूजल दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. दरम्यान २०१९ मध्ये त्या कारखान्याची यंत्रसामग्री लक्ष्मी ऑर्गॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने विकत घेतली. ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम येथे आणण्यात आली.

निर्मूलनाची मर्यादा

सक्रिय कोळसा, आयन-विनिमय रेझिन किंवा व्युत्क्रम परासरण यांमुळे ही द्रव्ये पाण्यातून वेगळी होतात, नष्ट होत नाहीत. वापरलेला कोळसा भरावात टाकल्यास ती झिरपपाण्यावाटे पुन्हा बाहेर पडू शकतात. ती नष्ट करण्यासाठी हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाची भट्टी किंवा अतिक्रांतिक जलऑक्सिडीकरणासारख्या खर्चिक पद्धती लागतात. तळोज्यात घातक कचऱ्यासाठी भराव व भट्टी या दोन्ही सोयी आहेत. त्यामुळे कोणता कचरा कोठे जातो, याची नोंद येथे निर्णायक ठरते.

निष्कर्ष

स्टॉकहोम कराराच्या यादीत या वर्गातील पीएफओएस २००९ मध्ये, तर पीएफओए २०१९ मध्ये समाविष्ट झाले. भारताने २०२० मध्ये ज्या सात रसायनांबाबत मंजुरी दिली, त्यांत मात्र ही दोन्ही नव्हती. कारखाने आधी आणि नियंत्रण नंतर, हा ठाणे-बेलापूरचा क्रम कोकणात पुन्हा घडू द्यायचा नसेल, तर निर्मूलनाच्या यंत्रणेपूर्वी मोजमापाची यंत्रणा उभी राहणे अगत्याचे आहे.