विमानभाड्याचा परतावा आणि ग्राहक आयोग

उड्डाण रद्द झाले आणि परताव्यासाठी केलेला पत्रव्यवहार निष्फळ ठरला, तर प्रवाशास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. १९८६ च्या कायद्यानुसार कंपनीचे कार्यालय असेल किंवा तक्रारीचे कारण घडले असेल, तेथेच तक्रार दाखल करावी लागे. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि तक्रारदाराच्या राहत्या किंवा नोकरी-व्यवसायाच्या जिल्ह्यातही ती मुभा मिळाली. सातारकराला दिल्लीस खेटे घालण्याचे कारण उरले नाही.

भरलेले भाडे पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही; मागितलेली भरपाई येथे मोजली जात नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि कंपनीशी ई-मेल चालू आहेत एवढ्यावरून ती वाढत नाही. अनेकजण नेमके येथेच फसतात.

परताव्याऐवजी पुढील प्रवासासाठी ‘क्रेडिट’ देऊ केल्यास नकार लेखी कळवावा. मौन पुढे संमती म्हणून दाखविले जाते. तिकीट एजंटामार्फत काढले असल्यास त्यालाही प्रतिपक्ष करावे, अन्यथा दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. नोटीस मिळाल्यावर कंपनीस उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो.