काडतूस कोणीं भरावें?

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. शनीच्या दर्शनासाठीं भाविक तेथें जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तें गांव १० ऑगस्ट १७६३ या दिवसामुळें आठवतें. त्याच वर्षीं निजामअलीनें पुणें लुटून जाळलें होतें. त्याच्या फौजेचा एक भाग नदीपार झाला आणि मागें राहिलेला भाग दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखालीं अलीकडच्या तीरावर अडकला. पेशव्यांचें सैन्य त्याच्यावर तुटून पडलें. राघोबादादा वेढ्यांत सांपडले असतां अठरा वर्षांच्या माधवरावांनीं त्यांना सोडविलें, आणि विठ्ठल सुंदर रणांत पडला.

या लढाईचें राजकीय महत्त्व आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. आज मला तिच्या अंगाची एक लहानशी गोष्ट सांगावयाची आहे. त्या काळच्या बंदूकवाल्यानें आपली बंदूक भरली कशी, आणि तिच्यांत घालावयाची गोळी व दारू सिद्ध कोणीं केली?

येथें दारू म्हणजे अर्थातच बंदुकीची दारू. तोड्याची बंदूक बाळगणारा शिपाई कमरेला दारूचें शिंगडें, गोळ्यांचा बटवा आणि जळता तोडा घेऊन चाले. शिंगड्यांतून मापानें दारू नळींत ओतावयाची, वर गोळी सोडून गजानें ठासावयाची, काना रंजकानें भरावयाचा आणि मग तोडा लावावयाचा. घोडेस्वाराच्या पिस्तुलाची रीतही याहून फारशी निराळी नव्हती. गोळी शिशाची, शिसें सहज वितळतें, त्यामुळें साचा जवळ असला कीं चुलीच्या विस्तवावरही गोळ्या ओततां येत. दारूचीं द्रव्यें तीनच : शोरा, गंधक आणि कोळसा. पैकीं शोरा आपल्याच देशांत खारवट मातींतून काढला जाई. प्रत्येक बाराची सिद्धता अशा रीतीनें शेवटीं शिपायाच्याच हातीं असे. आपण काय भरलें आहे, हें त्याला पक्कें ठाऊक असे. दारू सर्दावली तर तेंही त्यालाच प्रथम कळे. ऐन पावसाळ्यांत, भरलेल्या गोदावरीच्या कांठीं, या ज्ञानाची किंमत काय असेल, हें सांगावयास नको.

पण यावरून दारू घरोघरीं भरलेली असावी असें आपल्या पूर्वजांचें मत होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलें. त्यांतील गडकिल्ल्यांच्या प्रकरणांत दारूखान्याविषयीं स्पष्ट नियम आहेत. दारूखाना राहत्या घराजवळ किंवा घराच्या वाऱ्याखालीं नसावा. तो वेगळ्या जागीं, भोंवतीं कुंपण घालून बांधावा. तेथें सर्दी पोंचूं देऊं नये. ठराविक दिवसांनीं माल बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हा मोहोर करून ठेवावा. आणि पहारा नित्य असावा. चुलीची ठिणगी वाऱ्यानें कोठवर जाते, याचा विचार करणारा हा मुत्सद्दी होता. हत्यार भरण्याची विद्या प्रत्येकापाशीं आणि दारूचा सांठा मात्र घरापासून दूर, ही त्या काळची विभागणी होती.

पुढें बत्तीस वर्षांनीं, ११ मार्च १७९५ रोजीं, बीडच्या सीमेलगत जामखेड तालुक्यांतील खर्डें येथें मराठे व निजाम पुन्हा समोरासमोर आले. तोंवर युद्धाचें रूप पालटलें होतें. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सरदाराच्या कवाइती पलटणी होत्या, शिंद्यांकडे पेराँच्या. अशा पलटणींचें बळ एकाच हुकुमासरशीं सुटणाऱ्या बारांत असे, आणि त्यासाठीं प्रत्येकाच्या बंदुकींत सारखीच दारू जावी लागे. कागदाच्या नळींत मापलेली दारू व गोळी गुंडाळून केलेलें काडतूस ही या कवाइतीची सोबतीण. हैदराबादेंतील ज्या वस्तीला आजही गनफाउंड्री म्हणतात, ती रेमंडच्या तोफांच्या कारखान्याचीच आठवण आहे. शिंगडें मागें पडलें, मापणारा हात शिपायाचा राहिला नाहीं, आणि काडतूस दुसऱ्यानें भरावयाचें व शिपायानें तें विश्वासानें फोडावयाचें, असा व्यवहार सुरू झाला.

हा विश्वास उडाला म्हणजे काय होतें, तें १८५७ सालीं दिसलें. एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाला गाईची वा डुकराची चरबी लावलेली आहे, अशी शंका शिपायांत पसरली, आणि तें काडतूस तर दांतांनीं फोडावयाचें! त्या वर्षाच्या जानेवारींत सरकारनें परवानगी दिली कीं, शिपायांनीं मेण व तेल स्वतः आणून आपल्या हातानें काडतुसांना लावावें. पुढें दांतांऐवजीं बोटांनीं फोडण्याचीही मुभा दिली. पण वेळ निघून गेली होती. आतां त्यांना कागदाचीही शंका येऊं लागली होती. उठावाचीं कारणें पुष्कळ व खोल होतीं. तथापि सिद्धता ज्याच्या हातून गेली, त्याच्या मनांत संशय किती लवकर शिरतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

त्यानंतर कागद गेला आणि धातूची पुंगळी आली. १८६६ सालीं इंग्लंडांत कर्नल बॉक्सर यांनीं स्नायडर बंदुकीसाठीं आपलें काडतूस पुढें आणलें. तळाशीं टोपी, पोटांत दारू आणि तोंडाशीं गोळी, असें तें स्वयंपूर्ण होतें. बार उडाल्यावर पितळेची पुंगळी शाबूत उरते, हें अमेरिकेंतील शिकाऱ्यांनीं लवकर हेरलें. दुकान शेंकडों मैल दूर असल्यामुळें ते तीच पुंगळी पुन्हा मूळ मापावर आणून, नवी टोपी, दारू व गोळी घालून वापरूं लागले. १८८४ मध्यें त्यासाठीं हत्यारें विकणारा आयडियल नांवाचा कारखानाच तेथें निघाला. कागदी काडतुसानें हिरावून घेतलेली सिद्धता अशा रीतीनें कांहीं देशांतील घरांत परत आली, आणि तेथें ती आजही आहे.

परंतु ज्या १८८४ सालीं हा कारखाना निघाला, त्याच सालीं फ्रान्समध्यें व्येय यांनीं बिनधुराची दारू सिद्ध केली. काळी दारू पुंगळी भरून घालावयाची जुनी संवय या नव्या, कितीतरी जोरदार दारूशीं जीवघेणी ठरते. पिस्तुलाच्या पुंगळींत तर एका बाराची नवी दारू अर्धीही जागा व्यापत नाहीं असें अनेकदां घडतें. लक्ष विचलित होऊन ती दुसऱ्यांदा पडली, तरी वरून ध्यानांत येत नाहीं, आणि हत्यार हातांतच फुटतें. शिंगड्याच्या काळीं नजरेचा अंदाज पुरे. आतां तराजू व छापील कोष्टक यांवांचून गति नाहीं.

आपल्याकडे हा छंद घराघरांत पोंचला नाहीं, याला कायदाही कारण आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. लॉर्ड लिटन यांचा शस्त्रकायदा १८७८ चा. परकी सत्तेनें प्रजेचे हात मोकळे ठेवले नाहींत, ही राष्ट्रीय सभेची तक्रार रास्तच होती. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य भारतांत आलें, आणि पुढें १९५९ चा आपला स्वतःचा शस्त्रकायदा झाला. त्या कायद्यानें परवान्यावांचून काडतूस तयार करण्यास मनाई आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि तें बनविण्याचीं यंत्रेंही दारूगोळ्यांतच मोडतात. पिस्तुलाचा परवाना असला म्हणजे काडतूस भरण्याचा अधिकार आपोआप मिळाला, असें होत नाहीं. जिज्ञासूनें पहिलें पाऊल टाकावयाचें तें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीकडे, हत्यारांच्या दुकानाकडे नव्हे.

लिटनचा कायदा अविश्वासांतून जन्मला होता, म्हणून तो आपल्याला बोंचला. परंतु दारूला बंधन असावें, हा विचार कांहीं लिटननें आणलेला नाहीं. त्याच्या दीडशेंहून अधिक वर्षें आधीं अमात्यांनीं दारूखान्याभोंवतीं कुंपण घातलें होतें, त्यावर मोहोर केली होती आणि पहारा बसविला होता. आणि तें आपल्याच राज्यांत, आपल्याच माणसांच्या जीविताच्या काळजीनें. राक्षसभुवनच्या शिपायाला आपण काय भरतों हें ठाऊक होतें; अमात्यांना तें कोठें ठेवावयाचें हें ठाऊक होतें. काडतूस कोणीं भरावें, या प्रश्नाचें उत्तर देतांना या दोन्ही ज्ञानांची जोड ज्याच्यापाशीं आहे, त्यानेंच पुढें व्हावें, एवढेंच आपला इतिहास सांगतो.